मंत्रीसाहेब, मे महिन्यात ज्या चाकावर हात ठेवून फोटो काढलात त्यालाच आता नोटीस आलीय

मा. मंत्रीसाहेब,
स.न.वि.वि.

खात्याचं नाव मुद्दामच घालत नाही, घातलं की पत्रावर 'हे आमच्याकडे येत नाही' असा शेरा पडतो आणि ते दुसऱ्या खात्यात जातं, तिथून तिसऱ्या. कुणाला लिहिलंय ते तुम्हाला कळेलच. सत्तरी तालुक्यातलं कुळागर (पोफळीची बाग), मातीच्या भिंतींचं घर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी पत्र्याच्या खोपीत गरगरणारं, पाण्यावर वीज करणारं चाक. आठवलं? मे महिन्यात आला होता, आठ गाड्या होत्या, सगळ्या व्हाळाच्या अलीकडेच थांबल्या कारण पुढे रस्ता नाही, मग चालत आलात, आईनं मानकुराद आंबे कापून दिले, कोकमाचं सरबत दिलं, आणि तुम्ही चाकाच्या खोक्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत म्हणालात, हाच खरा स्वयंपूर्ण गोवा. तो व्हिडिओ तुमच्या पेजवर अजून आहे, मी काल परत बघितला.

एक गोष्ट आज कबूल करून टाकतो. मे महिन्यात त्या व्हाळाला पाणी करंगळीएवढं असतं, चाक फिरतच नाही. तुमची माणसं आदल्या दिवशी येऊन सांगून गेली की साहेबांना चाक फिरताना दिसलं पाहिजे, म्हणून मी आणि भाच्यानं रात्रभर मातीच्या पोत्यांनी पाणी अडवून ठेवलं आणि तुम्ही दिसल्यावर सोडलं. साडेचार मिनिटं फिरलं. अडवलं ते त्या एका रात्रीच, आणि तेही तुमच्यासाठी.

आता गेल्या मंगळवारी त्याच चाकाला नोटीस आलीय. 'नैसर्गिक जलप्रवाहात विनापरवाना अडथळा निर्माण करून अनधिकृत वीजनिर्मिती', सात दिवसांत काढून टाका, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. चवथ तोंडावर आलीय, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं शोधायला रानात जायचं की तुमच्या हापिसात चकरा मारायच्या, तेवढं तरी सांगा.

दोन जण आले होते. बूट हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून व्हाळ ओलांडला, कारण साकव (छोटा पूल) नाही. (तो साकव पावसाआधी होणार असं तुम्हीच बोलला होता, व्हिडिओत 3 मिनिटं 10 सेकंदांवर आहे, खात्री करून घ्या.) त्यातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, याचा मीटर कुठाय? म्हटलं, मीटर नाही म्हणून तर हे चाक लावलंय. त्यांनी वहीत लिहिलं, 'मीटर आढळून आला नाही'. आईनं त्यांनाही चहा दिला, चुलीवर नाही, गोबरगॅसवर, त्याचीही चौकशी झाली.

आता अडथळा म्हणजे काय ते ऐका. 63 एमएमचा काळा पाईप, अंदाजे 100 मीटर लांब, वरून खाली 18 मीटर उतार, त्यातून सेकंदाला तीनेक लिटर पाणी खाली येतं, चाकावर आपटतं आणि जसंच्या तसं परत त्याच व्हाळात जातं. एक थेंब कमी होत नाही, खालच्या बागाईतदारांना विचारा. त्यातून मिळतात दोनशे वॅट. आकडा ऐकून हसाल, तुमच्या केबिनमधला एसी त्यावर सुरूपण होणार नाही. पण ते दोनशे वॅट दिवसरात्र चालतात, म्हणजे दिवसाला साडेचार-पाच युनिट, आणि नेमके पावसात, जेव्हा माझी सहा सोलर पॅनेलं छपरावर नुसती भिजत पडलेली असतात. जुलैत आमच्याकडे आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, मे महिन्यात जेवढी वीज मिळते त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी मिळाली तरी नशीब. उन्हाळ्यात ऊन, पावसात व्हाळ, अशी वाटणी निसर्गानंच करून ठेवलीय, मी फक्त पाईप टाकला. बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून 14 वर्षं काढली, एवढं तरी येतंच.

हे सगळं हौस म्हणून केलं असं तुमच्या भाषणात आलं होतं. हौस नाही हो. सगळ्यात जवळचा खांब आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर, मधे काजूचा डोंगर आणि जंगलाची जमीन, लाईन ओढायला जंगलवाल्यांची परवानगी लागते, ती मागितल्यावर ते सांगतात वीजवाल्यांनी मागायची असते, वीजवाले सांगतात आधी अर्जदारानं ना-हरकत आणावी. बाबांनी पहिला अर्ज केला तेव्हा मी शाळेत होतो. बाबा गेले, अर्ज आहे. माझ्या स्वतःच्या फेऱ्या मी मोजल्या त्या 14, बायको म्हणते 17, तिचा हिशोब जास्त बरोबर असतो.

आणि रात्रीचं काय असतं तेही वाचा, कारण तुम्ही दुपारी आला होता. आईला दमा आहे. जुलैत एका रात्री दोनच्या सुमाराला इन्व्हर्टर केकाटायला लागला, बॅटरी 22.8 व्होल्टवर आली होती, त्याच्या खाली मी जाऊ देत नाही कारण चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांचे 64 हजार माझ्याच खिशातून गेलेत आणि अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलं की दोन वर्षांत भंगार. आतल्या खोलीत आईचा नेब्युलायझर चालू. टॉर्च घेऊन पावसात वर गेलो, पाईपच्या तोंडावरची जाळी पानांनी गच्च भरलेली, आणि पानांच्या आत एक कुर्ली (खेकडा) बसलेली, ही एवढी, नांगी वर करून. माझ्या चाकाचं पाणी अडवून माझ्यावरच धावून आली. अंगठ्याला चावली ती चावलीच. जाळी साफ करून खाली येईपर्यंत पाऊण तास गेला, आई कॉटवर उठून बसली होती, मशीन बंद, बायको पंख्यानं वारा घालत होती, आईला धड बोलतापण येत नव्हतं, नुसती हातानं सांगत होती की मी बरी आहे. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. चाक परत फिरल्याचा आवाज घरात ऐकू येतो, घूं घूं असा, तो आला तेव्हा मशीन लावलं. हा आवाज बंद करायला तुम्ही सात दिवस दिलेत.

बरं, सबसिडीचं. 'महिन्याभरात बॅटरीचं काहीतरी करतो' असं म्हणाला होता. मी वाट न बघता स्वतःच छपरावरच्या सोलरसाठीच्या, केंद्राच्या सूर्यघर योजनेचा फॉर्म भरायला घेतला, फेब्रुवारी 2024 ला सुरू झालेली, 75 हजार कोटींची, एक कोटी घरांसाठी, 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात म्हणे. पहिल्याच पानावर विचारलं, वीज ग्राहक क्रमांक. तो नसेल तर पुढचं पान उघडतच नाही. म्हणजे ज्याच्या घरी आधीच वीज आहे त्याला आणखी वीज, आणि ज्याच्याकडे तारच पोचली नाही त्यानं आधी तार आणावी. ही काही गोव्याची अक्कल नाही हे मान्य, पण तुम्ही तरी दिल्लीला दोन ओळी लिहायच्या. शेतीच्या सोलर पंपाच्या कुसुम योजनेत बिनतारेचा पंप चालतो, मग बिनतारेचं घर का चालत नाही?

आकड्यांचं असंच आहे सगळं. 28 एप्रिल 2018 ला देशातलं शेवटचं गाव उजळलं, मणिपूरमधलं लेइसांग, पेपरात वाचलं होतं, तेव्हा बोटीवर होतो, खलाशांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की गावातल्या दर शंभरातल्या दहा घरांत आणि शाळा-पंचायतीत वीज पोचली की गाव उजळलं असं धरतात. उरलेली नव्वद आम्ही. तसंच 2022 च्या ऑगस्टमध्ये गोवा देशातलं पहिलं हर घर जल राज्य झालं. आमच्या दारात नळ नाही, झर आहे, पाईप मी स्वतः ओढलाय. त्या शंभर टक्क्यांत मला धरलंय की नाही ते माहीत नाही, धरलं असेल तर झरीचं बिल तरी लावू नका.

स्वयंपूर्ण गोवा हे अभियान ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू केलं, पंचायतीपंचायतीत स्वयंपूर्ण मित्र नेमले. चार श्वेत कपिला गायी, त्यांच्या शेणावर स्वयंपाक, पोफळी, मिरी, केळी, वायंगणाचं भात, सूर्य आणि पाणी यांच्यावर दिवे, याहून स्वयंपूर्ण आणखी काय असतं साहेब? अर्धं भात गवे खातात, तो राज्यप्राणी, त्याला हात लावायचा नाही, बरोबर आहे, लावत नाही. माकडं शहाळी पाडतात, तेही सोसतो. त्यांनी निदान कधी नोटीस दिली नाही.

आणि हे सगळं चाललंय कुठं? ज्या गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ तयारच होत नाही, सगळी बाहेरून येते आणि ती आणायला मोलेच्या जंगलातून 400 केव्हीची लाईन न्यायची होती, 2020 मध्ये पोरं रस्त्यावर उतरली ती त्याच्याविरुद्धसुद्धा. 2023 ला नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आणलं, प्रादेशिक आराखड्यातल्या नजरचुका दुरुस्त करायला, आणि बघता बघता शेतं, डोंगर सेटलमेंट म्हणजे बांधकामाचे झोन झाले, हायकोर्टाला 2025 मध्ये त्याचे नियम उडवावे लागले. ज्याला बांद्र्याहून येऊन डोंगर कापून स्विमिंग पूलवाला बंगला बांधायचा त्याची नजरचूक चोवीस तासांत सापडते, माझ्या बाबांचा अर्ज मात्र तीसेक वर्षांत कुणाच्या नजरेला पडला नाही. त्या स्विमिंग पूलच्या पंपाला लागतात तेवढे वॅट दिले तर आमची दोन घरं चालतील. चिडून लिहितोय, कुठं आकडा चुकला असेल तर चुकला, पण तुमच्या माणसांनी माझ्या घराच्या नोटिशीत सर्व्हे नंबरच चुकीचा घातलाय, तेव्हा फिट्टंफाट.

मागणं फार नाही. नोटीस मागे घ्या, आणि दोनशे वॅटच्या चाकाला कुठला परवाना लागतो ते एका कागदावर लिहून द्या, मी भरतो फी, दोन हापिसांत विचारलं तर दोन्हीकडे एकमेकांकडे बोट दाखवतात. साकव बांधा. सबसिडीचं जाऊ दे, बॅटऱ्या मी पुढच्या बोटीच्या पैशातून घेईन, नाहीतरी परत बोटीवर जायची वेळ आणलीच आहे तुम्ही.

आणि तुमची माणसं मंगळवारी चाक काढायला येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करायला सांगा. रेंज फक्त वरच्या काजूच्या झाडाखाली येते, संध्याकाळी सहा ते सात मी तिथं उभा असतो. व्हाळाला सध्या कमरेच्या वर पाणी आहे, दोन्ही काठांना दोरी बांधून ठेवतो, धरून या म्हणावं. बूट हातात धरून या वेळी जमणार नाही.

आपला,
सत्तरीतला एक बिनमीटरवाला