औषध रक्तात पोचते का, हे मोजणारी सामायिक प्रयोगशाळा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातून दर महिन्याला गोळ्या नेणाऱ्या रुग्णाचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) मिलिलिटरमागे १,००० प्रतींच्या वर गेला की पहिला संशय रुग्णावरच येतो. गोळ्या चुकवल्या असणार! पुष्कळदा तसे असतेही. पण गोळी रोज घेऊनही औषध रक्तात कमी पडू शकते. आज दिल्या जाणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोलुटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असते. उपाशीपोटी लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली, की डोलुटेग्रॅव्हिर आतड्यात तिला बांधले जाते आणि नीट शोषले जात नाही. म्हणून ते या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. अँटासिडबाबत मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर पाळायलाच हवे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यकृताकडून हेच औषध लवकर संपवते, त्यामुळे तेव्हा ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते.

यातले नेमके काय घडले, हे रक्तातील औषध मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेली क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रक्तातील घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारे व मोजणारे यंत्र, लागते. असे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे, असे आमचे मत नाही. नमुना एक असो की सत्तर, प्रत्येक फेरीत ज्ञात प्रमाणाचे किमान ६ कॅलिब्रेशन नमुने (यंत्राचे माप लावण्यासाठी), २ कोरे (औषध नसलेले) आणि तीन पातळ्यांचे प्रत्येकी दोन असे ६ गुणवत्ता नमुने चालवावेच लागतात. म्हणजे एका रुग्णासाठी चौदा जादा चाचण्या! गुणवत्ता नमुन्यांपैकी दोन तृतीयांश, आणि प्रत्येक पातळीवर निम्मे तरी, अपेक्षित आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत आले नाहीत तर सगळी फेरी रद्द. शिवाय यंत्राला नायट्रोजन अखंड लागतो. वीज गेली की निर्वात अवस्था मोडते आणि ती पुन्हा स्थिरावण्यात कित्येक तास जातात. अमेरिकेत एड्स संशोधन केंद्रांच्या योजनेत (१९८८ पासून) औषधशास्त्राच्या सामायिक प्रयोगशाळा अनेक संशोधकांचे नमुने एकत्र चालवतात. कोल्हापूर-सांगलीत वैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आणि शिवाजी विद्यापीठ एकमेकांपासून फार दूर नसताना हे इथे का होऊ नये?

मात्र काम फसते ते यंत्रापाशी नव्हे, रक्त घेण्याच्या टेबलापाशी. बहुतेक रुग्ण गोळी रात्री घेतात आणि रक्त सकाळी दहाला काढले जाते. हा आकडा मधल्या वेळेचा, पुढच्या गोळीच्या आधीच्या किमान पातळीचा नव्हे. किमान पातळी हवी असेल तर गोळीची वेळ आदल्या दिवशीच ठरवून घ्यावी लागते आणि शेवटची गोळी व रक्त दोन्हींची तारीख-वेळ नळीसोबत लिहावी लागते. डोलुटेग्रॅव्हिरची किमान पातळी ६४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरशी ताडून पाहतात. वेळ लिहिलेली नसेल तर ताडण्यासारखे काही उरत नाही. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत घ्यावे. प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातील द्रव, लवकर वेगळा करून उणे ८० अंशांत ठेवावा. पाठवताना ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) डबा हवाबंद करू नये, आत वायू साठून तो फुटू शकतो.

प्लाझ्मा फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांची हकीकत सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोळ्या सुरू केल्या तरी आकडा चांगलाच दिसतो. टेनोफोविरचे एक रूप लाल पेशींत साठते आणि वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यात त्याचे अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे १७ दिवस भरते, म्हणून मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशोब तिथे मिळतो. बोटातून घेतलेले रक्त कागदी कार्डावर पुरते, ते काही तास वाळवायचे, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत बंद करायचे. पण आपल्याकडे जुलैत तीन तासांत कार्ड वाळेल याची खात्री नाही. ओलसर कार्ड बंद केले की ठिपका खराब होतो. पिशवीत आर्द्रता दाखवणारी चकती असावी, तिचा रंग बदलला तर कार्ड नाकारावे. तीव्र रक्तक्षय असेल तर ठिपक्याचे आकडे जपून वाचावेत, कारण ठिपक्यात लाल पेशीच कमी असतात.

व्हायरल लोड हीच उपचाराची मुख्य कसोटी राहील. औषधाची पातळी संशोधनासाठी, आणि कोड्यात टाकणाऱ्या रुग्णांसाठी. नळीवर नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक असावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे आणि लहान शहरात नाव फुटायला वेळ लागत नाही.

विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र बसून यंत्र कुठे ठेवायचे ते यथावकाश ठरवावे. पण शेवटच्या गोळीची वेळ, सोबतची औषधे, जेवण आणि रक्त काढल्याची वेळ नोंदवणारा एकच छापील फॉर्म दोन्ही जिल्ह्यांत येत्या महिन्यापासून वापरता येईल. त्यासाठी यंत्राची वाट पाहायची गरज नाही.

आपले,
औषधशास्त्राचे काही अध्यापक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
कोल्हापूर