गोमंतकीयांनाच हॉस्टेलात खाट का नाही?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पर्यटन हंगाम सुरू झाला की किती पर्यटक आले, शॅक कधी उभे राहिले, हॉटेलं किती भरली याच्या बातम्या रोज येतात. मला एका वेगळ्या गोष्टीकडे आपलं आणि वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत गेल्या काही वर्षांत बॅकपॅकर हॉस्टेलं झाली आहेत. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्याला तिथं परवडणाऱ्या दरात रात्रीपुरती एक खाट मिळते. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक नियम आहे : ओळखपत्रावर गोव्याचा पत्ता असेल तर प्रवेश नाही. दिल्लीहून या, पुण्याहून या, रशियाहून या, खाट आहे. गोव्यातल्याच डिचोलीहून किंवा सांग्याहून आलात तर नाही. हा नियम बंद व्हायला हवा आणि तो बंद करण्याची जबाबदारी पर्यटन खात्यानं घ्यायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी उच्च माध्यमिक शाळेत शिकवते. माझी भाची आणि तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी यांनी गेल्या हिवाळ्यात गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत किनारा पायी चालायचं ठरवलं. घरच्यांना समजावलं, भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या, मुलींसाठी वेगळी खोली असलेली हॉस्टेलं शोधली, पैसे आगाऊ भरले. पहिल्या संध्याकाळी हरमलला पोचल्या. काउंटरवरच्या मुलानं तिघींची आधार कार्डं घेतली, समोरची बाजू पाहिलीही नाही. उलटी करून मागचा पत्ता वाचला आणि कार्डं परत सरकवली. ‘लोकल अलाउड नहीं है’. पैसे परत मिळतील, म्हणाला. भाचीनं विचारलं, आमचं काय चुकलं? त्यानं मोबाइलवर नियमांचं पान उघडून दाखवलं. तळाशी बारीक अक्षरात ती ओळ होती. शेजारच्या दोन ठिकाणीही तेच उत्तर मिळालं. अंधार पडला होता. मुलींनी म्हापशाची बस धरली आणि रात्री उशिरा डिचोलीला परतल्या. ती पायी सफर तिथंच संपली.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या मुलींचं काय हुकलं याचं. आपला किनारा शंभराहून अधिक किलोमीटरचा आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. रविवारी मिरामार, पाहुणे आले की कळंगुट, कधीतरी कोलवा. पायी चालणाऱ्याला तो सलग कळतो. तेरेखोलहून फेरीबोटीनं केरीला उतरायचं, सुरूच्या झाडांखालून निघायचं, डोंगर ओलांडला की समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हरमलचं गोड्या पाण्याचं तळं. पुढं मांद्रे, आश्वे, मोरजी. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असते. तिची जांभळी फुलं सगळ्यांना दिसतात. त्या वेलीच्या मुळांनी वाळूचे ढिगारे धरून ठेवलेले असतात, हे तिथं वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोरजीच्या टेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी कुंपण घालून राखलेली दिसतात. वाळूखाली पुरलेल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना तरी लागतो. तेवढा काळ कुणीतरी रात्री जागून पहारा करतं. त्या माणसाशी पाच मिनिटं बोलणं हा माझ्या विद्यार्थ्यांसाठी पर्यावरणाचा एक अख्खा धडा आहे.

मोरजीला शापोरा नदी आडवी येते. किनाऱ्यानं पुढं जाता येत नाही. आत वळून चोपडे-शिवोली पुलावरून जावं लागतं. नदी कुठं समुद्राला मिळते, गावं मुखापासून आत का वसली, मासेमारीचा धक्का नेमका तिथंच का, हे भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर काढून दाखवते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. पायी जाणाऱ्याला ते दोन तासांच्या वळशात समजतं. पुढं बेतीहून फेरीबोटीनं पणजी. दक्षिणेत वेळसावपासून मोबोरपर्यंत सलग वाळू, पहाटे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणारी माणसं, मग साळ नदी, केळशीहून असोळण्याची फेरी. त्यापुढं किनारा खडकाळ होतो. काब द रामचा किल्ला, आगोंद, पाळोळे, तळपण आणि गालजीबागच्या नद्या. आगोंद आणि गालजीबागलाही कासवं येतात. फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट नाही, कदंब बसचं भाडं परवडतं, जेवण खानावळीत होतं. विद्यार्थ्याला न परवडणारी एकच गोष्ट म्हणजे रात्रीची खोली. किनाऱ्यावरच्या हॉटेलातली खोली डिसेंबरात त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून हॉस्टेल हवं. आणि नेमकं तेच बंद.

हॉस्टेल ही कल्पना जन्मली कशी, हे इथं सांगायला हवं. रिशार्ड शिरमान नावाचे एक जर्मन शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले आणि एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, त्यांत मुलांच्या झोपण्याची सोय केली तर गरीब घरची मुलंही आपला मुलूख पायी पाहतील, असं त्यांना त्या रात्री सुचलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांचं यूथ हॉस्टेल सुरू झालं आणि पुढं ती चळवळ जगभर गेली. आपल्याच भागातल्या मुलांनी आपलाच भाग पाहावा म्हणून जी सोय निघाली, तिच्या दारात आज आपल्या मुलांना पत्ता विचारून परत पाठवलं जातं.

आपल्यालाही अशी राहणी नवी नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवस्थानांच्या अग्रशाळांत, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या जागांत, आपण लहानपणापासून सतरंजी टाकून झोपत आलो आहोत. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावला गोव्याच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक मुक्कामाची घरं, होत्या. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधे तिथं राहत, आपली पेटी ठेवत. एका दालनात अनेकांनी शिस्तीनं कसं राहायचं हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही.

हॉस्टेलवाल्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे. एका चालकाशी माझं सविस्तर बोलणं झालं. तो म्हणाला, बाई, जवळपासची टोळकी येतात, एक जण खाट घेतो आणि चौघे भेटायला म्हणून आत शिरतात, दारू होते, परदेशी मुलींना त्रास होतो, काही बोललं तर गावातून फोन येतात. यात तथ्य आहे आणि मी ते नाकारणार नाही. रात्री एकट्या मुलीला त्या खोलीत निर्धास्त झोप लागली पाहिजे, हे कुठल्याही नियमाच्या वर आहे. पण मग नियम वागणुकीचा करा. बाहेरच्याला आत सोडू नका, भेटीगाठी अंगणात ठेवा, मुलींची खोली वेगळी आणि तिला आतून कुलूप, गैरवागणूक दिसली की त्याच रात्री बाहेर आणि पोलिसांत कळवा. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावीच लागते, म्हणजे नोंद ठेवण्याची सवय तुम्हाला आहेच. दिल्लीहून आलेलं टोळकंही धिंगाणा घालतं, तेव्हा दिल्लीचा पत्ता बंद होत नाही. आणि त्या रात्री काउंटरसमोर उभ्या होत्या त्या तीन मुली. ज्यांच्यापासून मुलींना वाचवायचं म्हणून हा नियम केला, त्यांच्या वाटणीची शिक्षा मुलींनाच झाली.

हा प्रश्न फक्त फिरण्याचाही नाही. काणकोणच्या मुलाची सकाळी आठला पणजीत परीक्षा असते. वाळपईची मुलगी मुलाखतीला येते आणि शेवटची बस चुकते. परराज्यातल्या उमेदवाराला अशा वेळी स्वस्त, सुरक्षित खाट मिळते. आपल्या मुलीला मिळत नाही, ती बसस्थानकावर नातेवाइकांना फोन लावत बसते. एका सहकारी शिक्षिकेच्या लेकीवर हा प्रसंग आलेला मला ठाऊक आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही, असं म्हटलं आहे. राहण्याचा पत्ता म्हणजे जन्मस्थान नव्हे, हे मला कळतं आणि कायद्याचा कीस पाडण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या यादीत हॉटेल हा शब्द घटनाकारांनी मुद्दाम घातला, तो माणसाला तो कुठला आहे हे पाहून दारातून परत पाठवलं जाऊ नये म्हणूनही, असं मला वाटतं. निदान आपल्या राज्यात तरी तो भाव पाळला जावा.

करण्यासारखं आहे आणि ते अवघड नाही. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली राहण्याची सोय देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीत आणि नूतनीकरणात एक अट घाला : गोव्याचा पत्ता एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. नाकारलं तर कारण लेखी द्या. त्यासाठी कायदा बदलावा लागणार असेल तर आमच्या आमदारांनी तो विषय विधानसभेत मांडावा. त्याच्या जोडीला सरकारनं किनाऱ्यावरच्या गावांत, सुट्टीत रिकाम्या असणाऱ्या सरकारी शाळांचे दोन-दोन वर्ग नाताळच्या सुट्टीपुरते विद्यार्थ्यांच्या मुक्कामाला खुले करावेत. केरी, मोरजी, केळशी, आगोंद एवढ्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. चटया आणि स्वच्छ शौचालय इतकंच लागेल, देखरेखीला आम्ही शिक्षक आळीपाळीनं राहू. मी स्वतः तयार आहे आणि माझ्या ओळखीतले आणखी काही शिक्षकही.

गोमंतकीय पाहुण्यांना आनंदानं घेणारी हॉस्टेलंही आहेत, हे मी जाणते. काही तर आपल्याच मुलांनी वडिलोपार्जित घरात सुरू केली आहेत. अशा चालकांनी आपल्या सदरातून पुढं यावं, गाव आणि दर कळवावेत, ही माझी विनंती. या डिसेंबरात भाची आणि तिच्या मैत्रिणी पुन्हा निघणार आहेत, यंदा माझ्या वर्गातली काही मुलंही सोबत येऊ म्हणतात. त्यांना मुक्कामाची यादी नोव्हेंबरअखेरपर्यंत हातात हवी आहे.

आपली,
एक शिक्षिका, डिचोली