वरच्या फळीवरचं ते जाडजूड पुस्तक

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पैशांचा विषय काढला तर बाबा म्हणाले, "आम्हाला कुणाचं काही नको, आमचं आम्ही बघू," आणि फोन ठेवूनच दिला. मला राग यायला हवा होता पण हसू आलं, कारण हेच वाक्य एकोणीस वर्षांची असताना मी तुम्हाला ऐकवलं होतं, तेही भरलं ताट बाजूला सारून. तेव्हा ते माझं नव्हतंच म्हणा, पुस्तकातून उचललेलं होतं. आई, तू म्हणायचीस ना, हिच्या अंगात त्या पुस्तकातलं कोण शिरलंय, तर खरंच शिरलं होतं.

बाबांना अजूनही वाटतं की मला कॉलेजात कुणीतरी भडकवलं. तसं काही नव्हतं हो. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारनं माणसाच्या आयुष्यात आणि खिशात कमीत कमी हात घालावा म्हणणारे, हा शब्दसुद्धा मला माहीत नव्हता, मी आपली एक कादंबरी वाचत होते, आयन रँड या अमेरिकन लेखिकेची 'द फाउंटनहेड', १९४३ ची. बारा प्रकाशकांनी नाकारलेली, हे कळल्यावर तर जास्तच आवडली. त्यातला आर्किटेक्ट कॉलेजातून काढला जातो, दगडाच्या खाणीत राबतो, पण ड्रॉइंगमधली एक रेघ दुसऱ्याला बदलू देत नाही आणि शेवटी बदललेली इमारत सरळ सुरुंग लावून उडवतो. आता वाचताना वाटतं अरे बाबा, लोकांची घरं होती ती! पण तेव्हा मला सगळेच सांगत होते काय शिकायचं, कुठे जायचं, आणि हा एक माणूस सगळ्यांना शांतपणे नाही म्हणत होता. मला त्याचं म्हणणं पटलं असं नाही, मला तो व्हायचं होतं. पटलं नंतर. सगळी गंमत तिथेच आहे असं मला वाटतं, प्रबंध वाचून माणूस वाद घालतो, कादंबरी वाचून आरशासमोर उभा राहतो.

मग रँडचीच 'ॲटलास श्रग्ड', १९५७, हजाराच्या वर पानं. त्यात हिरोचं रेडिओवरचं भाषणच इतकं लांब आहे की आता दोन पानांत डोळे मिटतात, तेव्हा मी ते दोनदा वाचलं, पेन्सिल घेऊन. आणि मग बाबा, ज्यांनी उभा जन्म सरकारी नोकरी केली, त्यांना मी तोंडावर म्हणाले की तुमचा पगार आणि पेन्शन म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून जबरदस्तीने काढलेले पैसे. तुम्ही काहीच बोलला नाहीत, उठून हात धुवायला गेलात. त्याबद्दल सॉरी म्हणायचं राहूनच गेलंय, इतकी वर्षं. सॉरी बाबा.

हा रस्ता माझ्या एकटीचा नाही बरं का. जेरोम टुसिली नावाच्या अमेरिकन माणसानं १९७१ मध्ये पुस्तक काढलं त्याचं नावच 'सुरुवात बहुतेकदा आयन रँडपासून होते' अशा अर्थाचं आहे. त्याच वर्षी तिकडे लिबर्टेरियन पार्टी निघाली, आणि रँडबाईंना हे लोक अजिबात आवडायचे नाहीत, उजवीकडचे हिप्पी म्हणायच्या त्यांना! पोरं आपली हिचंच बोट धरून आत येतायत आणि ही दारात उभी राहून शिव्या घालतेय.

मी नंतर हायेक हा अर्थशास्त्रज्ञ वाचला, नोझिक हा तत्त्वज्ञ थोडा वाचला, तेव्हा जरा भानावर आले. कादंबरीत समोरच्याचे डायलॉगही लेखिकाच लिहिते ना, म्हणून विरोधक सगळे बुळे नाहीतर लबाड. नोझिक स्वतःच शंका काढतो, काही प्रश्न तसेच सोडून देतो. आणि हायेकचं १९४४ चं 'द रोड टू सर्फडम', ज्याला हे सगळे लिबर्टेरियन देव मानतात, त्यात चक्क लिहिलंय की किमान अन्न-वस्त्र-निवाऱ्याची हमी सरकारनं द्यायला हरकत नाही, आजारपण-अपघाताच्या विम्याला मदत करायलाही नाही. म्हणजे बाबा, तुमच्या पेन्शनवर मी जे लेक्चर दिलं ते हायेकनंही दिलं नसतं!

पण मला सांगायचंय ते वेगळंच. 'ॲटलास' मध्ये हँक रिअर्डन म्हणून पोलाद कारखानदार आहे, त्याची म्हातारी आई त्याच्याच घरात राहते, त्याच्याच जिवावर, आणि दिवसरात्र त्यालाच टोमणे मारते. त्या हजार पानांत आईबाप म्हटलं की डोळ्यासमोर हीच उभी राहते. त्याच पुस्तकाच्या शेवटी रँडनं स्वतःबद्दल लिहिलंय की मला कुणी मदत केली नाही आणि मदत करणं कुणाचं कर्तव्य आहे असंही मला कधी वाटलं नाही. आणि खरी गोष्ट काय, तर १९२६ मध्ये ती रशियातून अमेरिकेत आली ती शिकागोच्या नातेवाइकांकडे, कित्येक महिने त्यांच्याच घरी राहिली. क्रांतीनंतर तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान सरकारजमा झालं होतं, तो राग खराच होता, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पुढे तिनं आई-वडिलांना अमेरिकेत आणायचा प्रयत्न केला, सोव्हिएत सरकारनं सोडलं नाही, ते दोघं तिला पुन्हा कधी दिसले नाहीत. हे मी वाचलं तेव्हा खूप वेळ पुस्तक मिटून नुसती बसले होते. आईबापांसाठी धडपडलेल्या याच बाईनं पुढे कादंबरीत मात्र रिअर्डनची आई लिहिली.

हाइनलाइन या अमेरिकन विज्ञानकथा लेखकाची १९६६ ची चंद्रावरच्या बंडाची कादंबरी आहे, तीही लिबर्टेरियन लोकांची लाडकी, 'फुकटचं जेवण कुठेच नसतं' हे तिचं ब्रीद. तिथे सरकार नको म्हणतात पण घरं केवढी, अनेक पिढ्या एकत्र, म्हातारे, पोरं, सगळ्यांचं सगळे बघतात. मी अजून लिबर्टेरियन असेन तर या दुसऱ्या घरातली आहे. जबरदस्ती मला आजही खपत नाही, म्हणून 'इकडे येऊन राहा' असं मी म्हणणार नाही. फक्त गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे पाठवतेय ते परत पाठवू नका, आणि डॉक्टरांची तारीख घ्या. नको असेल तर नको म्हणा, पण कारण सांगून म्हणा, फोन ठेवून नाही.

आणि आई, ते जाडजूड पुस्तक कपाटात वरच्या फळीवर असेल, रद्दीत देऊ नकोस. रिअर्डनची आई येते तिथे मी पेन्सिलनं काहीबाही लिहून ठेवलंय, कोणाकडे बघून ते तुला कळेलच. तेवढं खोडून टाक, न वाचता.

तुमची
मी