सूचना : नागपूरच्या महाल भागातील वाडेधारक सभासदांसाठी, ओसरीच्या कामाबाबत

पावसाळ्याआधी ओसरी दुरुस्तीसाठी उघडणार असाल, तर आधी तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी टेकू द्या. मगच खांबाला हात लावा. खांब बहुधा तळाशीच सडतो. टोच्या मारून पाहा, मऊ लागेल त्याच्या वीतभर वरून कापा आणि जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा खाच करून जोडा. अख्खा खांब बदला असं मिस्त्री सांगेलच, लगेच मान डोलवू नका. तळखड्याभोवती (खांबाखालच्या दगडाभोवती) सिमेंट अजिबात नको : ओल कोंडते, लाकूड पुन्हा सडतं. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा : मुरवलेला चुना १ भाग, वाळू ३ भाग. आपल्या मे महिन्यात हा गिलावा भराभर सुकून तडकतो, म्हणून आठवडाभर ओली पोती ठेवा. फरशीला बाहेरच्या बाजूस मीटरमागे सेंटिमीटरभर उतार हवाच. घर हेरिटेज यादीत असल्यास परवानगी आधी, काम नंतर.