तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

जिन्यात भेटल्यावर ‘थँक्यू’ म्हटलं खरं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय माझ्यासारखं काम करणाऱ्या इतरांनाही हे कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

गिरणगावातल्या बायकांच्या मुलाखतींची टिपणं माझ्याकडे वह्यांत, फोनमध्ये, सुट्या कागदांवर पसरली होती. तुम्ही घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ट्रिलियम हे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलंत. ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), फुकट, आणि नोंदी आपल्याच घरात.

डिलाईल रोडच्या एका आजींची खाणावळीची हकीकत कुठे ठेवावी, यावर मी अडले होते. ‘बायकांचं काम’ की ‘१९८२चा संप’? १८ जानेवारीला संप सुरू झाला, जेवायला येणाऱ्या कामगारांचे पगार थांबले, आणि आजींची चूलही त्या पगारांवरच चालायची. तुम्ही म्हणालात, ‘दोन्हीकडे ठेवा की!’ क्लोन केलं की नोंद एकच राहते, दिसते मात्र दोन्हीकडे. एकीकडे दुरुस्त केली की दुसरीकडेही होते. वहीत हे कसं जमणार? ज्या बायकांना नाव बाहेर जायला नको होतं, त्यांच्या नोंदी पासवर्डखाली कुलूपबंद करायलाही शिकवलंत.

पण खरे आभार बॅकअपचे. ट्रिलियम रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा बॅकअप आपणहून घेतं, पण तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. म्हणून तुम्ही पेनड्राइव्हवर कॉपी करायला लावलीत. तिथेच थांबला नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरवर कोरं ट्रिलियम टाकून, ती फाइल माझ्याच हातानं त्यात घालायला लावलीत. आजींची नोंद तिथे जशीच्या तशी उघडली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. बसवून देणारे पुष्कळ भेटतात. बंद पडलं तर परत कसं उभं करायचं, हे इतक्या धीरानं शिकवणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.

२०२४च्या सुरुवातीला मूळ डेव्हलपरनं नवी भर घालणं थांबवलं आणि इतरांनी ‘ट्रिलियमनेक्स्ट’ म्हणून काम पुढे नेलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. कोड खुला होता म्हणून ते जमलं. त्या सगळ्यांचेही मनापासून आभार.

आता काळाचौकीच्या मुलाखती सुरू करतेय. तुमच्या सासूबाई तिथल्याच ना? त्यांची तयारी असेल तर रविवारी दुपारी वर येते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची शेजारीण