लाव्हा बघायला येतोस काय!

प्रिय पश्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. "आठवडाभराची सुट्टी टाकतो, लाव्हापाशी एक फोटो आणि परत" म्हणे. अरे येड्या, ती काय गणपतीची मिरवणूक आहे का, टाइम ठरलेला असायला?

2021 ला इथं आइसलंडमध्ये फाग्राडाल्सफ्याल ज्वालामुखीपाशी तसंच वाटायचं, मान्य. आधी तीन आठवडे भूकंप, मग 19 मार्चला जमीन उघडली, आणि लोक डबे घेऊन डोंगरावर. पण 5 एप्रिलला थोड्याच अंतरावर दुसरी भेग फुटली, लोकांना धावपळ करून खाली आणावं लागलं.

आठवतं, नंदुरबारच्या फील्डला आपण काळ्या दगडाच्या त्या लांबलचक भिंतीवर बसून पोळी-चटणी खाल्ली होती? ती डाइक, म्हणजे जमिनीतल्या भेगेत घुसून तिथंच गोठलेला मॅग्मा (वितळलेला खडक), साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेली. तू नंतर बँकेत गेलास म्हणून सुटलास, मी मात्र आता त्याच गोष्टीच्या मागं आहे, फक्त चालू असलेल्या. 10 नोव्हेंबर 2023 ला ग्रिंडाविक गावाखालून असाच मॅग्मा आडवा घुसला, सुमारे 15 किलोमीटर लांब, त्या रात्रीच जवळजवळ 3,700 माणसं घराबाहेर, आणि गंमत म्हणजे वर लाव्हाचा थेंब नाही! जमीन मात्र गावात काही ठिकाणी मीटरभर खचली. लाव्हा आला 18 डिसेंबरला.

टूरवाल्यांना हेच पटत नाही रे. त्यांना वाटतं आग दिसली की धोका. गेल्या वेळी मी एका रस्त्यावर उभा होतो, वरून डांबर एकदम शाबूत, आणि जमिनीत पाहणारा रडार फिरवला तर खाली सरळ पोकळी. जानेवारी 2024 मध्ये अशीच भेग बुजवणारा एक कामगार आत पडला, सापडलाच नाही. तरी एक टूरवाला टेप ओलांडून बारा जण घेऊन उभा, वर मलाच विचारतो "बेस्ट व्ह्यू कुठून?" डोकंच फिरलं माझं. 8 फेब्रुवारी 2024 ला पहाटे साडेपाचला हादरे सुरू झाले आणि सहाला उद्रेक, अर्ध्या तासात तो त्या बाराजणांना बसमध्ये तरी बसवू शकला असता का?

तरी ये तू. जुना लाव्हा दाखवतो, गार झालेला, हात लावून बघ. आणि माझा फील्डचा हातोडा तुझ्याच माळ्यावर पडलाय, काकूंना विचार. चेक-इनच्या बॅगेत टाक बरं का, हातात घेऊन नको येऊस.

तुझा,
बाळ्या