कीपॅड बदलण्याआधी तारा तपासा

महोदय,

चालकाच्या दारावर आकडे दाबून किल्लीविना गाडी उघडण्याची सोय फोर्ड कंपनीने १९८० साली थंडरबर्ड आणि लिंकनच्या काही गाड्यांत आणली. पाच बटणे, प्रत्येकावर दोन आकडे आणि अंधारात ते दिसावेत म्हणून मागे दिवे, अशी या कीपॅडची साधी रचना आहे. तरीही आकडे उजळेनासे झाले की काहीही न तपासता अख्खा कीपॅड बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि नवा बसवूनही अंधार कायम राहिला की पाळी येते मॉड्यूलची, म्हणजे दाबलेला क्रमांक ओळखून दार उघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची. मोटारींच्या वायरिंगचे काम करणारा कारागीर म्हणून याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली तपासणी हत्यार हातात न घेताच होते. दिवे लागत नसताना क्रमांक दाबल्यावर दार उघडते का, हे पाहावे. उघडत असेल, तर बटणांचे काम मॉड्यूलपर्यंत नीट पोहोचते आहे आणि दोष दिव्यांच्या पुरवठ्यात, परतीच्या तारेत किंवा खुद्द दिव्यांतच आहे. दोन्ही बंद असतील, तर फ्यूज, अर्थ (गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतणारा मार्ग) आणि कपलर (तारा जोडणारा पिनांचा प्लग) यांपासून सुरुवात करावी. अनेक गाड्यांत दाराची मूठ उचलताच आतला दिवा आणि कीपॅड एकदमच उजळतात. तिथे आतला दिवाही लागत नसेल, तर कीपॅडला हात लावण्याची घाई कशाला?

माझ्या पाहण्यात सर्वाधिक दोष बिजागरीपाशी निघतात. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या तारा प्रत्येक उघडझापीला वाकतात आणि काही वर्षांनी आवरणाच्या आतल्या आत तुटतात. बाहेरून तार धडधाकट दिसते; पण हलकेच ओढली की आवरण नुसतेच ताणले जाते, तेव्हा आत तांबे सलग उरलेले नाही हे कळते. कीपॅड चालू असताना दार सावकाश उघडमिट करावे. एखाद्या कोनात दिवे लुकलुकले, तर निदान जवळजवळ झालेच. तुटलेली टोके पिळून वर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे, कारण तो जोड पुन्हा तिथेच वाकणार असतो. खराब तुकडा पुरता काढून तेवढ्याच जाडीची लवचिक तार घालावी आणि दोन्ही जोड न वाकणाऱ्या भागात घ्यावेत. काचेच्या रबरातून उतरलेल्या पाण्याने कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढला आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे पुरवठा ठीक, हा समज मात्र जाणकारांनाही फसवतो. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असल्याने तो जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, आणि त्यामुळे एकच तंतू उरलेल्या तारेतून किंवा गंजलेल्या पिनेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दिव्यांचा भार पडताच तेच व्होल्टेज कोसळते. म्हणून मोजणी कपलर जोडलेला ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने आणि दिवे लागायला हवेत अशाच वेळी करावी. अर्थची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थचा मार्ग शोधावा. काही गाड्यांत वेगाने चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्याने उजेड कमीजास्त होतो. तिथे मीटर सरासरी दाखवत असल्याने आकडा कमी आला म्हणून बिचकू नये. जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र मॉड्यूलच्या तारांना लावू नये, आणि एअरबॅगच्या तारांजवळ तर तो मुळीच नेऊ नये.

मॉड्यूल बदलण्याचा आणखी एक त्रास असा की, फोर्डच्या पद्धतीत मूळ पाच आकडी क्रमांक मॉड्यूलमध्येच साठवलेला असतो, त्यामुळे मालकाला तो नव्याने मिळवावा लागतो.

माझी सूचना एवढीच आहे की, सुटा भाग बदलण्यापूर्वी कपलरवर भाराखाली मोजलेले व्होल्टेज कार्यशाळेने बिलावर लिहावे आणि काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा. मालकांनीही ही नोंद पाहिल्याशिवाय नव्या कीपॅडला संमती देऊ नये.

आपला,
एक वाहन-विद्युत कारागीर